दोन कोऱ्या ओळी

शिरस्तेदार पेटिबोननं टेबलावरचे कागद सारखे केल्यासारखं करत, वर न बघता, हळूच म्हटलं, "साहेब, तो प्रश्न राहिला," आणि तीस दिवसांची शिक्षा सांगायला उघडलेलं न्यायाधीश लायमन ट्रास्कचं तोंड तसंच उघडं राहिलं. प्रश्न म्हणजे काही मोठी भानगड नव्हती. शिक्षा सांगण्याआधी आरोपीला उभं करायचं आणि विचारायचं की, तुला शिक्षा का देऊ नये याबद्दल काही सांगायचंय का. केंद्र सरकारच्या कोर्टात बसायला लागल्यापासून चौदा वर्षांत ट्रास्कनं तो हजारदा तरी विचारला असेल, आणि त्यातल्या नऊशे जणांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं असेल. आज राहिला. त्रेसष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट राहून जाते, त्यात एवढं काय. त्यानं घसा साफ करून प्रश्न विचारला. समोर बोहेमियातून आलेली ल्युडमिला हावरानेक नावाची म्हातारी उभी होती, डोक्याला फुलाफुलांचं फडकं बांधून. दारूबंदीत चोरून दारू गाळताना पकडलेली. प्रश्न ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला, इतका वेळ ती जणू त्याचीच वाट बघत होती.

"सांगायचंय ना, सरकार! दारू मीच गाळली, खोटं कशाला बोलू? पण ते तांब्याचं भांडं शेजारणीचं आहे. तिचं तिला देऊन टाका, नाहीतर मरेपर्यंत मला टोमणे मारील. आणि माझी गाय आज-उद्याकडे विणारेय. ती मोकळी झाली की मी आपण होऊन येते तुमच्या तुरुंगात. तुम्ही फक्त दिवस सांगा."

सगळं कोर्ट हसलं. ट्रास्कही हसला. भांडं कायद्यानं मोडावंच लागणार होतं, पण शिक्षा त्यानं पुढच्या सोमवारपासून लावली. म्हातारीनं गुडघ्यात वाकून नमस्कार केला आणि जाता जाता बेलिफाला सांगितलं की, हा माणूस चांगला आहे, उगाच घाबरले होते मी. म्हणजे नुसता प्रश्न विचारल्यामुळे एका गायीचं बाळंतपण नीट होणार होतं. ट्रास्कला क्षणभर बरं वाटलं. मग आत, आपल्या खोलीत, पेटिबोन त्याच्या खांद्यावरून काळा झगा उतरवता उतरवता सहज म्हणाला, "मनावर घेऊ नका साहेब. विचारला काय नि न विचारला काय, आपल्या नमुन्यात ते छापलेलंच असतं." आणि झग्याच्या बाहीत अडकलेला ट्रास्कचा हात तिथेच थांबला.

छापलेलंच असतं. खरंच होतं ते. निकालपत्राचा नमुना छापखान्यातून शेकड्यानं यायचा. त्यात नाव, कलम आणि वर्षांचा आकडा एवढीच जागा मोकळी असायची, बाकी सगळा मजकूर तयार. 'आरोपीस काही सांगावयाचे आहे काय असे विचारण्यात आले, व त्याने काही सांगावयाचे नाही असे कळविले.' खाली सहीची रेघ. ट्रास्कनं त्या रेघेवर आयुष्य काढलं होतं. आज पेटिबोन होता म्हणून प्रश्न आठवला. पण पेटिबोन नसताना? आणि हे मनात येतं न येतं तोच त्याच्या डोळ्यांसमोर एक उघडं तोंड आलं. जाड, पिवळट मिशीखालचं, खालचा ओठ जरा लोंबलेला. गाड्यांची चाकं करणारा गॉटलीब क्रूझे. एकोणीसशे अठरा साल, एप्रिल महिना. त्याला दहा वर्षं सांगितली तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, आणि ट्रास्कला त्या वेळी वाटलं होतं की हा बावळट माणूस नाकानं श्वास घेत नसावा. साडेतीन वर्षं तो हाच समज धरून होता. आता एकाएकी, हात बाहीत असताना, त्याला वाटलं की क्रूझेला काहीतरी बोलायचं होतं.

"पेटिबोन, क्रूझेच्या वेळी तुम्ही होता का?"

"कोण, तो चाकवाला जर्मन? नव्हतो साहेब. त्या दिवशी युद्धकर्जाची मिरवणूक होती ना. तुमच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची धरून बसलो होतो की मी. बारा वाजता तुमचं भाषण होतं."

होतं. भाषण फार चांगलं झालं होतं. युनिस, त्याची बायको, निळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती आणि बँडवाले नदीकडून येत होते. कोर्टाच्या खिडकीतून बँड ऐकू यायला लागला तेव्हा ज्यूरी चाळीस मिनिटांत परत येऊन दोषी म्हणून बसली होती, बाराला आठ-दहा मिनिटं होती आणि ट्रास्कच्या झग्याच्या आत भाषणाचे कागद होते. क्रूझे न्हाव्याच्या दुकानात बसून म्हणाला होता की, हे युद्ध पैसेवाल्यांचं आहे आणि माझ्या पोरानं त्यात जाऊ नये असं मला वाटतं. एवढंच. पण ते वर्षच तसं होतं, युद्धाविरुद्ध बोलणं हाच गुन्हा होता. शाळेतून जर्मन पुस्तकं काढून चौकात जाळली होती, टेलिफोनवर जर्मन बोलायची बंदी होती, आणि क्रूझेच्या दाराला रात्रीतून कुणी गद्दार म्हणून पिवळा रंग फासला होता. शेजाऱ्यांनी शपथा घेऊन साक्षी दिल्या. त्यांत न्हावीही होता. ट्रास्क त्या वर्षी स्वतःवर फार खूश होता. आपण कणखर आहोत असं त्याला वाटायचं, आणि वर्तमानपत्रंही तसंच म्हणायची. त्यानं प्रश्न विचारला होता का? तो आठवून बघू लागला. बँड आठवला, कागदांची घडी आठवली, उघडं तोंड आठवलं. स्वतःचा आवाज काही केल्या आठवेना.

पुढची सुनावणी दोन वाजता होती. जेवायला घरी न जाता तो टेकडी चढून मिस टॅलकटकडे निघाला. ती त्याच्या कोर्टाची लघुलेखिका होती, अकरा वर्षं. बोटं आखडायला लागली तसं तिनं काम सोडलं होतं. क्रूझेनं अपील केलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवसाचं टिपण कधी टाईप झालंच नव्हतं. ते तिच्या वहीत होतं, तिच्या खुणांमध्ये, आणि तिच्या खुणा तिच्याशिवाय कुणाच्या बापाला वाचता येत नव्हत्या. ट्रास्कला दम लागत होता. खाली मिसिसिपी मातकट आणि रुंद पडली होती. ऑक्टोबरची पानं पायाखाली ओली होती. चढता चढता त्याला कर्नल बॅस्कम आठवला. ट्रास्कनं, शेतकऱ्याच्या या पोरानं, दिवसा शाळेत शिकवून, ज्या म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत कायदा वाचला तो हा कर्नल. ट्रास्क कौंटीचा सरकारी वकील झाला, मग सिनेटरच्या प्रचारात दोन हिवाळे बर्फातून घोडागाडी हाकली, आणि मग अध्यक्षांच्या सहीचं नेमणुकीचं पत्र आलं. तहहयात. कर्नल तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. पत्र नाकाजवळ धरून त्यानं वाचलं आणि म्हणाला, "लायमन, आता तुला कुणी काढू शकत नाही. कळलं ना याचा अर्थ? आजपासून तुला कुणी खरं सांगणार नाही." ट्रास्कनं ती म्हाताऱ्याची गंमत समजून हसण्यावारी नेली होती. हसायचंच वय होतं ते. पन्नाशी अजून यायची होती, केस काळे होते, आणि न्याय ही आपल्याला जमणारी गोष्ट आहे याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

मिस टॅलकट बहिणीबरोबर वरच्या मजल्यावर राहायची. दार तिनंच उघडलं. तिच्या एप्रनला बिटाचे लाल डाग होते.

"या जज्जसाहेब. पाय पुसा. बसा तिथं, मांजराला ढकला. मी बिटं बाटल्यांत भरतेय, हात थांबवता येणार नाही. कुठल्या खटल्याचं?"

"खटल्यासाठीच आलो हे कशावरून?"

"तीन वर्षं झाली मला घरी बसून. एका नाताळला तुमच्या मिसेसचं कार्ड आलं. तुम्ही माझी तब्येत विचारायला टेकडी चढाल होय?"

ट्रास्कनं नाव सांगितलं. तिनं हातातला चमचा खाली ठेवला. ती आतल्या कोठीत गेली, सफरचंदांच्या खोक्यांत वह्या रचून ठेवल्या होत्या त्यातली एक घेऊन आली. तिला शोधावी लागली नाही, हे ट्रास्कच्या लक्षात आलं. चष्म्यावर भिंग धरून तिनं पानं उलटली आणि वही त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. पानभर गांडुळांसारख्या बारीक खुणा होत्या, आणि पानाच्या खालच्या बाजूला दोन ओळी कोऱ्या होत्या.

"ही काय जागा आहे?"

"तुमच्या प्रश्नाची. तो नेहमी तोच असायचा ना, शब्दाला शब्द. मी दोन ओळी सोडायची नि संध्याकाळी भरून टाकायची. तेवढीच हाताला विश्रांती. सगळ्या भरल्यात मी. ही नाही भरली."

"का?"

"कारण तुम्ही विचारला नाहीत." ती त्याच्याकडे बघत नव्हती. भिंग पुढच्या ओळीवर नेत ती म्हणाली, "मी पेन्सिल धरून थांबले होते. म्हटलं, आता विचारतील, आता विचारतील. तुम्ही एकदम दहा वर्षांवर आलात. तो उभा राहिला. इथं बघा, त्याचं लिहिलंय मी. 'पण'. एवढंच म्हणाला. मग तुम्ही उठलात. तुम्ही उठलात म्हणजे सगळे उठले. मग काही ऐकू येईना, बँड चालू होता."

"पण काय?"

"मला काय ठाऊक? त्यालाच ठाऊक."

ट्रास्कनं वाकून ती खूण पाहिली. एक छोटी आकडी होती ती, शेपटी वर वळलेली. माणसाला सांगायचं असलेलं सगळं तिच्या पलीकडे राहिलं होतं. त्याला राग आला, आणि राग यायला दुसरं कुणी समोर नव्हतं म्हणून तो मिस टॅलकटवर आला. "तुम्ही त्याच दिवशी मला का सांगितलं नाहीत? तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त केलं असतं मी. त्याला परत बोलावून घेतलं असतं. कोर्टाचं सत्र संपेपर्यंत माझ्या हातात होतं ते. आता सत्र संपून साडेतीन वर्षं झाली, आता माझीच शिक्षा मला बदलता येत नाही, माहितीय ना तुम्हाला?"

"माहितीय," मिस टॅलकट म्हणाली. "मी लिहिणारी बाई, जज्जसाहेब. मी कोर्टात तोंड उघडलं असतं तर ते तरी लिहिलं कुणी असतं? आणि खरं सांगू? मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. त्या वर्षी सगळेच मुद्दाम करत होते. मी नोकरी सोडली ती नुसत्या बोटांमुळे नाही." मग तिला बहुधा त्याची दया आली, कारण तिनं एक बाटली पुसून पुढे सरकवली. "घ्या, न्या घरी. मिसेसना सांगा, दोन आठवडे उघडू नका म्हणावं."

दोनची सुनावणी रेल्वेच्या जमिनीबद्दल होती. दोन्ही बाजूंचे वकील आलटून पालटून बोलत होते आणि ट्रास्क मान डोलवत होता. त्याला नेहमी वाटायचं की आपण ऐकतो. ऐकणं हेच तर आपलं काम. पण आता त्याला दिसलं की आपण माणसांची तोंडं हलताना बघत आलो, चौदा वर्षं, आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या शांततेची वाट बघत आलो, म्हणजे आपल्याला बोलता येईल. घरीसुद्धा तेच. युनिस काल रात्री जेवताना काय म्हणत होती? सेंट लुईसच्या पडद्यांबद्दल काहीतरी. तिथल्या वरच्या कोर्टात एक जागा रिकामी झाली होती. सिनेटरनं ट्रास्कसाठी वॉशिंग्टनला न्यायखात्यात शब्द टाकला होता, महिन्याभरात पत्र येईल म्हणत होते, आणि युनिसनं कुणाकडून तरी तिथल्या घरांच्या खिडक्यांची मापंही आणवली होती. "तुझी हरकत नाही ना लायमन, जरा गडद रंग घेतला तर?" तो म्हणाला होता, नाही. तिला आणखी काही म्हणायचं होतं का? कोण जाणे. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला नमुन्यातला प्रश्न विचारावा तसेच प्रश्न विचारले होते, आणि तिनं काही सांगायचं नाही असं कळवलं होतं.

एकच वाट उरली होती. वॉशिंग्टनला न्यायखात्याकडे स्वतः लिहायचं, अध्यक्षांच्या माफीसाठी. युद्धात आत टाकलेल्या कितीतरी जणांना हल्ली असं सोडत होते. क्रूझेचा अर्ज मात्र कधी आला नव्हता. आला असता तर न्यायाधीशाचं मत विचारायला इथे आला असता. कोण लिहिणार अर्ज? त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, बायकोला बोलताही येत नव्हतं. म्हणजे तो अजून आत होता आणि दहातली साडेसहा वर्षं उरली होती. ट्रास्कनं पत्र लिहिलं तर तो नाताळच्या आत घरी येऊ शकत होता. आणि ते पत्र ज्या टेबलावर जाणार, त्याच्या शेजारच्या टेबलावर ट्रास्कच्या बढतीचा कागद पडलेला होता. ज्या न्यायाधीशानं माणसाचं न ऐकता दहा वर्षं दिली आणि विचारलं होतं म्हणून सही केली, त्याला वर कोण चढवतो? हे त्याला लख्ख दिसत होतं. वकील बोलत होते आणि शेगडीत कोळसा पडत होता.

साडेतीनला त्यानं कोर्ट उठवलं आणि दार लावून लिहायला बसला. पहिल्या खर्ड्यात त्यानं कामाच्या घाईचा उल्लेख केला. तो फाडला. दुसऱ्यात देशातली त्या वेळची परिस्थिती आली. तोही फाडला. तिसरा सहा ओळींचा झाला. मी या माणसाला प्रश्न विचारला नाही. तो बोलू लागला तेव्हा मी उठलो. विचारला असं लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे, ती खोटी आहे. त्याला सोडावं. लिहून झाल्यावर त्यानं ते दोनदा वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपण लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य, असं त्याला वाटलं, आणि स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. युनिसला काय सांगायचं ते नंतर बघू. पडदे इथल्याही खिडक्यांना लावता येतात. त्याला पंख फुटल्यासारखं झालं होतं. पत्रात कैद्याचा क्रमांक घालायचा होता म्हणून त्यानं घंटा वाजवून पेटिबोनला क्रूझेची फाईल आणायला सांगितली.

पेटिबोन धूळ झटकत फाईल घेऊन आला. लाल फीत सोडून पानं चाळता चाळता तो थांबला, आणि एक पिवळा कागद वर काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, हे तर मिटलंय साहेब."

तुरुंगाची छापील सूचना होती. कैदी गॉटलीब क्रूझे, वय सत्तावन्न, न्यूमोनियानं मृत, नऊ जानेवारी एकोणीस. पोचल्यानंतर नऊ महिन्यांनी. खाली कोपऱ्यात, पाहिलं अशी खूण म्हणून, निळ्या शाईत दोन अक्षरं होती. ला. ट्रा.

"माझी आहेत ही?"

"तुमचीच. सोमवारचा गठ्ठा असतो ना साहेब, येणाऱ्या कागदांचा. तुम्ही सकाळी कॉफी घेता घेता संपवता." पेटिबोन सांभाळून बोलत होता. "तेव्हा फ्लूची साथ होती. दर आठवड्याला अशा दोन-तीन यायच्या."

ट्रास्कनं अक्षरांवर बोट ठेवलं. ती घाईत केलेली नव्हती. 'ट्र'ची शेपूट नीट वळलेली होती. "त्याची बायको?"

"विस्कॉन्सिनला बहिणीकडे गेली म्हणतात. पोराचं काही माहीत नाही." पेटिबोनची नजर टेबलावरच्या सहा ओळींवर गेली. त्यानं त्या उलट्या बाजूनं वाचल्या. तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला उलटं वाचता येतं. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "टपाल पाचला जातं साहेब," तो म्हणाला. "द्यायचंय का हे?"

देता आलं असतं. माणूस मेला म्हणून सही खरी होत नव्हती. विस्कॉन्सिनमध्ये कुठल्यातरी स्वयंपाकघरात एक बाई होती, आणि तिचा नवरा गुन्हेगार म्हणून मेला होता. सरकारनं तिला एक ओळ लिहिली असती की तसं नव्हतं, तर ती तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली असती. हे सगळं ट्रास्कला कळत होतं. एखादा निकाल लिहिताना दोन्ही बाजू दिसाव्यात तितकं स्वच्छ कळत होतं. तो पेटिबोनकडे बघत राहिला. पेटिबोननं म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काठी घ्यावी तसा तो कागद अलगद उचलला, पिवळ्या सूचनेखाली ठेवला, आणि विचारलं, "फाईलला लावून ठेवू?"

ट्रास्कनं लेखणी पुसून ठेवली. पेटिबोननं फीत बांधली, गाठ घट्ट केली. बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. आणि ट्रास्कचे खांदे खाली आले, जीव भांड्यात पडला. आता कुणाला सोडवायचं नव्हतं, कुणाला कळवायचं नव्हतं. आपण सुटलो, असं त्याला वाटलं. असं वाटल्याची लाजही वाटली. पण ती कुठल्या कुठे मागे राहिली, कारण तिच्याआधी भूक लागली होती, सपाटून, तरुणपणी शेतावर लागायची तशी.

"पेटिबोन, समोरच्या खाणावळीतून काही मागवता येईल?"

"येईल की. आज गुरुवार. डुकराचं मांस नि आंबवलेला कोबी. जर्मन नाव नको म्हणून युद्धात त्याला 'स्वातंत्र्य-कोबी' करून ठेवलं होतं, बघा ना. आता फळ्यावर पुन्हा जर्मन नाव लिहायला लागलेत, नि लोक रांगा लावून खातात."

"मागवा," ट्रास्क म्हणाला. "आणि कोबी जरा जास्त घालायला सांगा."